मुखपृष्ठावरचे मुख

२००३ सालच्या प्रारंभी इंग्लंडमधील वृत्तपत्रविक्रेत्यांच्या दुकानांत ‘जीक्यू’ या पुरुषांसाठी निघणाऱ्या मासिकाचा फेब्रुवारीचा अंक आला. त्याच्या मुखपृष्ठावर केट विन्स्लेट ही अभिनेत्री होती. छायाचित्र कुशलतेने घेतलेले होते, छपाई उत्तम होती, आणि रस्त्याने जाणाऱ्याची नजर खिळवून ठेवण्याचे आपले काम ते चित्र चोख बजावीत होते. त्यात उणीव एवढीच होती, की ज्या स्त्रीचे म्हणून ते छापले होते, ती स्त्री तशी नव्हती. तिचे पाय मुळात होते त्याहून कितीतरी सडपातळ दाखविले होते. ही गोष्ट एखाद्या चिकित्सक वाचकाने नव्हे, खुद्द केटनेच उघड केली. आपल्या पायांची जाडी सुमारे एकतृतीयांशाने कमी करण्यात आली आहे, असे तिने सांगितले. आपण अशा दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे असे दिसण्याची आपली इच्छाही नाही, असे तिचे म्हणणे होते.

या शेवटच्या वाक्याचे लोकांना नवल वाटले. छायाचित्र वाईट आले म्हणून रुसणाऱ्या नट्या पुष्कळ असतात. ते फार चांगले आले म्हणून तक्रार करणारी विरळाच. मासिकाच्या संपादकांनी उत्तर दिले, की मासिकांत छापले जाणारे जवळजवळ प्रत्येक छायाचित्र अशा रीतीने संगणकावर सुधारून घेतलेले असते. हे उत्तर बचावासाठी दिले होते. पण एका दृष्टीने तो कबुलीजबाबच होता. एका चित्रावर घेतलेल्या आक्षेपाला सर्वच चित्रे तशीच असतात असे सांगितल्याने आक्षेप लहान होत नाही. तो मोठा होतो.

छायाचित्रावर हात फिरविण्याची ही विद्या अर्थात नवी नव्हे. छायाचित्रकला जन्मास आली, तिच्या पाठोपाठच तीही आली. पूर्वीच्या स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने बारीक रेघा ओढून सुरकुत्या व डाग नाहीसे करणारे कारागीर असत. आपल्याकडील जुन्या फोटोवाल्यांनाही ‘रिटचिंग’ हा शब्द चांगला परिचित होता. पुढे रंगाचा सूक्ष्म फवारा सोडणारा एअरब्रश आला, आणि १९९० मध्ये फोटोशॉप ही संगणकप्रणाली बाजारात आल्यावर काम अगदीच सोपे झाले. पेन्सिलीचा कारागीर फार तर डाग पुसू शके. संगणकापुढे बसलेला मनुष्य मान लांब करू शकतो, कंबर आवळू शकतो, आणि हे सर्व इतक्या सफाईने करतो की डोळ्यांना शिवण दिसत नाही. चित्रकाराने काढलेल्या चित्राकडे पाहताना ते चित्र आहे हे पाहणारा जाणून असतो. छायाचित्राला मात्र साक्षीदाराचा मान असतो. लबाडी घडते ती येथे. साक्षीदाराची प्रतिष्ठा तशीच ठेवायची आणि साक्ष तेवढी बदलून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

केट विन्स्लेटला हा व्यवहार सहन का झाला नाही, हे समजण्यासाठी तिच्या पूर्वायुष्याकडे वळले पाहिजे. ५ ऑक्टोबर १९७५ रोजी इंग्लंडमधील रेडिंग या गावी तिचा जन्म झाला. घरात नाटकाचे वातावरण होते, पण पैसा नव्हता. आजीआजोबांनी गावात एक लहानसे नाट्यगृह चालविले होते. वडील नट होते. मात्र नटाच्या मिळकतीवर संसार भागत नसल्याने त्यांना अंगमेहनतीची कामे पत्करावी लागत. अकराव्या वर्षी केट एका नाट्यशाळेत दाखल झाली आणि सोळाव्या वर्षी पैशाअभावी तिला शाळा सोडावी लागली. मुलगी अंगाने स्थूल होती. बरोबरीच्या मुली तिला त्यावरून चिडवीत. ती चौदा वर्षांची असताना एका नाट्यशिक्षिकेने तिला सांगितले, की जाड्या मुलींच्या भूमिकांवर समाधान मानायची तयारी असेल, तर तुझे बरे चालेल. ही हकीगत केटने २०१६ मध्ये, ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार घेतल्यानंतर, सर्वांसमक्ष सांगितली. मधल्या सव्वीस वर्षांत तिने पुष्कळ मानसन्मान मिळविले होते; पण ते एक वाक्य ती विसरली नव्हती.

१९९४ मध्ये पीटर जॅक्सन यांच्या ‘हेवनली क्रीचर्स’ या चित्रपटातून ती पडद्यावर आली. लगेच पुढच्या वर्षी आंग ली यांच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्ये तिने मरिअ‍ॅनची भूमिका केली आणि विशीतच तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. १९९६ मध्ये ती ‘हॅम्लेट’मध्ये ऑफेलिया झाली. त्यानंतर १९९७ मध्ये ‘टायटॅनिक’ आला. त्या चित्रपटाला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि बावीस वर्षांच्या या मुलीचा चेहरा पृथ्वीच्या पाठीवर असा कोपरा उरला नाही, जेथे जाऊन पोचला नाही.

या कीर्तीच्या दोन तऱ्हा तिने एकाच काळात अनुभविल्या. ‘टायटॅनिक’नंतर काही काळाने ती भारतात आली होती. हिमालयाच्या पायथ्याशी पाठीवर पिशवी टाकून ती एकटी चालत असता एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत समोर आले. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या घरात असावे, आणि त्यांचा एक डोळा गेलेला होता. तिच्याकडे निरखून पाहत त्यांनी ‘टायटॅनिक’ एवढाच शब्द उच्चारला. तिने मान डोलविताच त्यांनी छातीवर हात ठेवून तिचे आभार मानले. आपल्याला रडू कोसळले, असे ही आठवण सांगताना ती म्हणते. एक डोळा गमावलेल्या त्या वृद्धाला जे दिसले, ते दोन्ही डोळे शाबूत असलेल्या पुष्कळांना दिसत नव्हते. त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेतील वृत्तपत्रे आणि विनोदवीर तिच्या वजनाची चर्चा करण्यात गुंतले होते. चित्रपटाच्या अखेरीस नायिका ज्या लाकडी फळीवर तरंगत राहते, त्या फळीवर नायकासाठी जागा का उरली नाही, याचे उत्तर म्हणून नायिकेच्या शरीराकडे बोट दाखवून लोक हसत. तिचा अभिनय एकीकडे राहिला आणि तिच्या कमरेचा घेर हा सार्वजनिक प्रश्न होऊन बसला.

अशा वेळी दोन मार्ग असतात. उपास करून, अंग झिजवून लोकांच्या मापात बसावे, हा पहिला. लोकांची दृष्टी टाळून दूर निघून जावे, हा दुसरा. केटने दोन्हींपैकी एकही पुरता स्वीकारला नाही. मोठ्या खर्चाच्या चित्रपटांचा मोह बाजूला सारून तिने लहान चित्रपट निवडले. १९९८ मध्ये ‘हिडिअस किंकी’त ती दोन मुलींना घेऊन मोरोक्कोत भटकणारी आई झाली. १९९९ मध्ये जेन कॅम्पियन यांच्या ‘होली स्मोक’मध्ये तिने भारतात येऊन एका गुरूच्या नादी लागलेली ऑस्ट्रेलियन तरुणी रंगविली. मात्र मासिकांची मुखपृष्ठे तिने वर्ज्य केली नाहीत. चित्रपटाचा धंदा प्रसिद्धीवर चालतो, आणि अभिनेत्रीच्या करारात प्रसिद्धीचे काम बहुधा अंतर्भूतच असते, याची तिला जाणीव होती. तिचा वाद मुखपृष्ठाशी नव्हता. त्यावर आपल्या नावाखाली दुसऱ्याच कोणाचे तरी शरीर छापले जाऊ नये, एवढेच तिचे मागणे होते.

हा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला. २००७ मध्ये ‘ग्राझिया’ या साप्ताहिकाने, ती वजन कमी करण्यासाठी एका आहारतज्ज्ञाकडे गेल्याचे छापले. ते खोटे होते. तिने दावा जिंकला आणि मिळालेली भरपाई आहारविषयक मानसिक विकारांनी ग्रासलेल्यांना साहाय्य करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. २००९ मध्ये ‘डेली मेल’ने, आपल्या व्यायामाविषयी ती खोटे बोलते असा आरोप केला, त्याबद्दल त्या दैनिकाला क्षमा मागून पंचवीस हजार पौंड द्यावे लागले. एवढ्याशा गोष्टीसाठी न्यायालयाची पायरी चढावी काय, असे कोणी विचारील. तिचा खुलासा विचार करण्याजोगा होता. स्त्रियांना आपले शरीर जसे आहे तसे स्वीकारण्याचे धैर्य मिळावे, असे आपण सतत बोलत आलो. तेव्हा आपण चोरून निराळे वागतो, असे लोकांनी समजणे आपल्याला परवडणारे नाही, असा त्याचा आशय होता. ज्या मुली तिचे ऐकून जेवणाच्या ताटावर निर्धास्त बसू लागल्या असतील, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट खरोखरच लहान नव्हती. त्याच वर्षी ‘द रीडर’मधील भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. म्हणजे एकाच वर्षात जगाने तिच्या कलेचा गौरव केला, आणि आपण व्यायाम करतो तेवढाच करतो, हेही तिला त्याच वर्षी जगाला पटवून द्यावे लागले.

तिच्या भूमिकेवर आक्षेप घेण्यास जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. २००७ पासून पुढे कित्येक वर्षे ती लाँकोम या फ्रेंच सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा चेहरा होती. सुगंधी द्रव्ये आणि चेहऱ्याचे लेप विकण्यासाठी जी आपले रूप देते, तिने नैसर्गिकतेचा पुरस्कार करावा, यात विसंगती नाही काय? शिवाय जिला निसर्गाने सुंदर घडविले आहे, उत्तम वेशभूषाकार व प्रकाशयोजक जिच्या दिमतीला आहेत, तिला निर्भयपणा सोपा जातो, असेही म्हणता येईल. २०१३ मध्ये अमेरिकन ‘व्होग’च्या नोव्हेंबर अंकावर तिचे जे चित्र आले, ते इतके गुळगुळीत होते की वाचकांनीच त्याविषयी नापसंती व्यक्त केली. निषेध नोंदवून दहा वर्षे उलटली तरी मुखपृष्ठांची रीत बदलली नव्हती.

परंतु या आक्षेपातच तिच्या पुढील कृतीचे मर्म आहे. कंपनीशी केलेल्या करारात, आपल्या छायाचित्रांवर रिटचिंग करू नये अशी अट आपण घातली आहे, असे तिने २०१५ मध्ये जाहीर केले. या अटीचे मोल कळण्यासाठी एक जुनी घटना आठवावी लागते. २०११ मध्ये याच लाँकोमची एक जाहिरात ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने बंद केली होती. तीत ज्युलिया रॉबर्ट्स या अमेरिकन अभिनेत्रीचा चेहरा होता. पार्लमेंटच्या एका सभासद स्त्रीने तक्रार केली होती, आणि त्या चेहऱ्यात किती फेरफार केले हे कंपनीला मंडळापुढे दाखविता आले नाही. ज्या कंपनीला सरळ चेहरा छापणे जड गेले होते, तिच्याशीच केटने सरळ चेहरा छापण्याची बोली केली. नैतिक उपदेशाची भाषणे मासिकवाले ऐकून घेतात आणि विसरतात. करारातील कलम मात्र त्यांना विसरता येत नाही. कीर्तीच्या हाती खरी सत्ता कोणती असते, याचा शोध तिला येथे लागला होता. आपल्यावाचून दुसऱ्याचे अडते, तेवढ्या क्षणापुरती ही सत्ता असते; आणि सही करण्यापूर्वीच ती वापरावी लागते.

त्यानंतरच्या कामात हीच वृत्ती अधिक स्पष्ट झालेली दिसते. २०२१ मध्ये ‘मेअर ऑफ ईस्टटाउन’ या सात भागांच्या दूरचित्रमालिकेत तिने पेनसिल्व्हेनियातील एका लहान गावच्या पोलीस तपास-अधिकाऱ्याची भूमिका केली. ही बाई आजी झालेली आहे, तिचा मुलगा वारला आहे, झोप अपुरी आहे आणि केस विंचरण्यास सवड नाही. एका प्रसंगात पोटाचा सुटलेला भाग दिसत होता. तो कापून टाकण्याची दिग्दर्शकाने तयारी दर्शविली, तेव्हा तिने त्यांना सक्त मनाई केली. मालिकेचे भित्तिपत्रक तयार होऊन आले, त्यात तिचा चेहरा नितळ करून टाकला होता. ते तिने दोनदा परत पाठविले. आपल्या डोळ्यांच्या कडेला किती सुरकुत्या आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. त्या सर्व जागच्या जागी परत घालाव्यात, असे तिने कळविले. यात केवळ हट्ट होता असे म्हणता येणार नाही. मेअरच्या सुरकुत्या हा त्या कथेचाच भाग होता. पुत्रशोकाने खचलेल्या स्त्रीचा चेहरा इस्त्री केल्यासारखा असेल, तर तिच्या दुःखावर प्रेक्षकाने विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? चेहरा हे नटाचे हत्यार आहे. त्याची धार दुसऱ्याने परस्पर घासून बोथट केली, तर नटाने काम कशाने करावे?

दरम्यान काळ पालटला होता. २००३ मध्ये चित्र बदलण्याची कला मासिकांच्या कचेऱ्यांत कोंडलेली होती. पुढे ती मोबाइलमधून घरोघर पोचली. बोट फिरविले की गाल आत जातात, कांती उजळते, डोळे मोठे होतात. पूर्वी मुलगी नटीच्या चेहऱ्याशी आपला चेहरा ताडून पाही आणि खट्टू होई. आता ती आपल्याच सुधारलेल्या चेहऱ्याशी आरशातला चेहरा ताडून पाहते. मासिक महिन्यातून एकदा येत असे. हे मासिक तासातासाला निघते, आणि त्याच्या मुखपृष्ठावर तिचेच चित्र असते. दुसऱ्याने केलेल्या फेरफाराविरुद्ध तक्रार करता येते. आपणच केलेल्या फेरफाराविरुद्ध कोणाकडे जावे?

२०२२ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीने दाखविलेल्या ‘आय अ‍ॅम रूथ’ या चित्रपटात केटने नेमका हाच विषय घेतला. मोबाइलच्या जगात हरवत चाललेली किशोरवयीन मुलगी, आणि बंद दारापाशी उभी राहिलेली हतबल आई, अशी ती कथा आहे. मुलीचे काम तिच्या कन्येनेच, मिया थ्रेपलटन हिने, केले. मे २०२३ मध्ये या भूमिकेसाठी ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार स्वीकारताना तिने व्यासपीठावरून सत्ताधाऱ्यांना विनंती केली, की मुलांना अपाय करणारा मजकूर पसरविणे हा कायद्याने गुन्हा ठरवावा. मोबाइलमध्ये अडकून पडलेल्या मुलामुलींनाही ती उद्देशून बोलली: मदत मागण्यात लाज नाही. वीस वर्षांपूर्वी जी स्वतःच्या पायांच्या चित्राबद्दल भांडली होती, ती आता दुसऱ्यांच्या मुलींकरिता बोलत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटने मंजूर केलेल्या ऑनलाइन सुरक्षेच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली.

या सर्व प्रवासाचा कळस म्हणावा असा तिचा चित्रपट ‘ली’ हा होय. ली मिलर या स्त्रीचे चरित्र पडद्यावर आणण्यासाठी केटने कित्येक वर्षे खटपट केली. त्याची ती एक निर्मातीही होती. १९०७ मध्ये अमेरिकेत जन्मलेली ली तरुणपणी अतिशय देखणी होती, आणि मार्च १९२७ मध्ये ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर तिचा चेहरा चित्रकार जॉर्ज लपाप यांच्या हातून रेखाटला गेला. पण दुसऱ्यांनी आपल्याकडे पाहत राहावे, यात तिला समाधान लाभले नाही. ती पॅरिसला गेली, मॅन रे या कलावंतापाशी राहून छायाचित्रणात तयार झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच ‘व्होग’ची छायाचित्रकार म्हणून बॉम्बवर्षाव सोसणाऱ्या लंडनमध्ये आणि पुढे युरोपच्या रणभूमीवर वावरली. एप्रिल १९४५ मध्ये बूखेनवाल्ड आणि डाखाऊ येथील छळछावण्यांत शिरून तिने जे पाहिले ते टिपले. यावर विश्वास ठेवा, अशी कळकळीची विनवणी करून तिने ती छायाचित्रे पाठविली, आणि जून १९४५ मध्ये अमेरिकन ‘व्होग’ने ती छापली. फॅशनच्या मासिकात प्रेतांच्या राशींचे चित्र आले. जेथे एकेकाळी तिचे सौंदर्य छापले गेले, तेथेच तिने जगाला सत्य छापावयास लावले.

केटने ही भूमिका का निवडली असावी, याचा उलगडा मग आपोआप होतो. चित्रीकरणाच्या वेळी, पोटाच्या वळ्या दिसू नयेत म्हणून जरा ताठ बसावे, असे कोणीतरी तिला सुचविले. तेव्हा तिने ते साफ नाकारले. ली मिलरसारखी बाई बसताना पोट आवरून बसेल, हे तिला पटणारे नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन ‘व्होग’ने केटचे चित्र मुखपृष्ठावर छापले, तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होत होती आणि लीच्याच निमित्ताने तेथे आली होती.

मुखपृष्ठे यापुढेही निघत राहतील, आणि त्यांवर सुंदर चेहरे झळकत राहतील. त्यांत गैर काही नाही. सौंदर्य पाहण्याची हौस माणसाला पुरातन काळापासून आहे. प्रश्न एवढाच आहे, की तो चेहरा कोणाचा म्हणावयाचा. तो विकणाऱ्याचा, पाहणाऱ्याचा, की ज्या मनुष्याच्या मानेवर तो आहे त्याचा? केट विन्स्लेटने या प्रश्नावर ग्रंथ लिहिला नाही. तिने एक तक्रार केली, दोन दावे जिंकले, एका करारात एक कलम घातले आणि एक भित्तिपत्रक दोनदा परत पाठविले. ही कामे मोजली तर थोडीच आहेत. परंतु कोण्या अनोळखी घरात एखादी चौदा वर्षांची मुलगी आरशासमोर उभी असेल, आणि डोळ्यांच्या कडेला जशाच्या तशा ठेवलेल्या सुरकुत्यांचे ते चित्र तिच्या पाहण्यात आले असेल, तर तिने आपल्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा, थोड्या निराळ्या नजरेने पाहिले असेल.